सूक्ष्म शैवलांनी सोडलेली द्रव्ये आणि जीवाणूंची वाढ

साचलेल्या गोड्या पाण्यास पुरेसे ऊन मिळाले म्हणजे थोड्याच दिवसांत त्याला हिरवी झाक येते. हा रंग सूक्ष्म शैवलांचा होय. त्याच पाण्यात जीवाणूंचीही वस्ती असते आणि त्यांपैकी काही मनुष्यास अपायकारक असतात. शैवले व जीवाणू एकाच थेंबात राहत असल्यामुळे एकाने बाहेर टाकलेले द्रव्य दुसऱ्याच्या वाट्यास येणे अपरिहार्य आहे. ही द्रव्ये जीवाणूंना मारक ठरतात की पोषक, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ जीवरसायनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि पटकीसारख्या रोगाचा प्रसार या दोन्ही गोष्टींशी त्याचा निकट संबंध आहे.

मुंबईतील परळ या भागाच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र आलेल्या आढळतात. परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस हे एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १८८० च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीस याच वास्तूत पटकीने मृत्यू आला. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला आणि १८९९ मध्ये परळच्या त्या वास्तूत प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा आली. १९०६ मध्ये तिला मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा हे नाव मिळाले आणि १९२५ मध्ये तिचे हाफकिन संस्था असे नामकरण झाले. वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मुंबईत प्लेगच्या लशीमुळे सर्वतोमुखी झाले; परंतु त्यापूर्वीच, १८९२ मध्ये, पॅरिस येथे त्यांनी पटकीची लस सिद्ध करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती.

या संस्थेच्या आसमंतात, परळ, लालबाग व काळाचौकी या गिरणगावात, कापडगिरण्यांच्या आवारांत तळी असत. वाफेच्या एंजिनांच्या कंडेन्सरांना लागणारे पाणी त्यांत साठविले जाई. उघडे ऊन व संथ पाणी ही शैवलांच्या वाढीस अनुकूल अशी परिस्थिती होय. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि आवारांचे रूप पालटले. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारातील तळे राखून तेथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची योजना मुंबई महानगरपालिकेने हाती घेतली. अशा हिरव्या पाण्यात रोगजंतू पडल्यास त्यांचे काय होईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

द्रव्यांचा उगम

शैवलांपासून सेंद्रिय द्रव्ये पाण्यात येण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला मार्ग जिवंत पेशीतून होणाऱ्या स्रावाचा. प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेल्या सेंद्रिय कार्बनाचा काही अंश पेशीत न राहता पटलातून बाहेर पडतो. ग्लायकोलिक आम्ल, साध्या व जटिल शर्करा, ॲमिनो आम्ले, पॉलिपेप्टाइडे व जीवनसत्त्वे यांचा त्यांत समावेश होतो. जी. ई. फॉग यांनी १९५२ मध्ये ॲनाबीना सिलिंड्रिका या नीलहरित शैवलावरील प्रयोगांत असे दाखविले की, हवेतील नायट्रोजन बद्ध करणारे हे शैवल नायट्रोजनयुक्त द्रव्येही सभोवतालच्या द्रवात सोडते. दुसरा मार्ग पेशीच्या मृत्यूचा. पेशी फुटली म्हणजे तिच्यातील मेद, प्रथिने व रंगद्रव्ये एकदम पाण्यात मिसळतात. स्रावात लहान व सहज विरघळणारे रेणू अधिक असतात, तर पेशी फुटल्यावर येणाऱ्या द्रव्यांत पटलांतील मेदाम्लांचा वाटा मोठा असतो. हा भेद पुढील विवेचनास महत्त्वाचा आहे.

शैवलपेशीच्या अगदी लगत या द्रव्यांचे प्रमाण सर्वाधिक असते आणि अंतर वाढेल तसे ते झपाट्याने घटते. या लहानशा प्रभावक्षेत्राकडे डब्ल्यू. एच. बेल व आर. मिचेल यांनी १९७२ मध्ये लक्ष वेधले व त्यास वनस्पतीच्या मुळांभोवतीच्या मृदाक्षेत्राशी सदृश असे नाव दिले. मराठीत त्यास शैवलमंडल म्हणता येईल. शैवलांचा जीवाणूंवरील परिणाम हा तळ्यातील सरासरी संहतीवरून नव्हे, तर या मंडलातील संहतीवरून ठरतो.

कोणती शैवले कोणत्या ऋतूत प्रबळ असतात, यावरही सोडल्या जाणाऱ्या द्रव्यांचे स्वरूप अवलंबून राहणार हे उघड आहे. मुंबईपुरते पाहिले तर एला गोन्साल्विस व जोशी यांनी वांद्रे येथील एका तलावातील शैवलांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या अनुक्रमाचा अभ्यास करून तो १९४६ मध्ये मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एकाच तलावातील शैवलसमूह वर्षभरात बदलत असेल, तर एका महिन्यात घेतलेल्या नमुन्यावरून त्या पाण्याच्या जीवाणुनाशक शक्तीविषयी कायमचे विधान करणे योग्य होणार नाही.

मारक द्रव्ये

रॉबर्टसन प्रॅट व त्यांचे सहकारी कॅलिफोर्निया येथे क्लोरेला व्हल्गॅरिस या एकपेशीय हिरव्या शैवलाचा अभ्यास करीत होते. जुन्या संवर्धात शैवलाची वाढ मंदावते, याचे कारण अन्नाचा तुटवडा हे एकच नसून पेशींनी सोडलेले एक वाढरोधक द्रव्यही त्यास कारण होते, असा पुरावा त्यांनी १९४० मध्ये मांडला. पुढे १९४४ मध्ये, पेनिसिलिनाच्या यशामुळे सर्वत्र प्रतिजैविकांचा शोध चालू असता, त्याच शैवलापासून मिळविलेले द्रव्य जीवाणूंच्या वाढीसही प्रतिबंध करते असे दिसून आले. त्यास क्लोरेलिन हे नाव देण्यात आले.

क्लोरेलिनापासून औषध मात्र निर्माण झाले नाही. एच. ए. स्पोअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून त्याचे स्वरूप स्पष्ट झाले. क्रियाशील द्रव्य हा पेनिसिलिनासारखा एकच विशिष्ट रेणू नसून असंपृक्त मेदाम्लांपासून उत्पन्न होणारा समूह होता, आणि प्रकाश व ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात त्या आम्लांचे ऑक्सिडीकरण झाल्यावर त्यांची जीवाणुनाशक शक्ती प्रकट होत होती. म्हणजे शैवलाने द्रव्य दिले, परंतु त्यास धार आणली ती उन्हाने.

मेदाम्लांची ही शक्ती अलीकडच्या काळातही प्रत्ययास आली आहे. ए. पी. डेसबॉइस व सहकाऱ्यांनी २००८-०९ मध्ये फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्यूटम या करंडक शैवलापासून पाल्मिटोलेइक व आयकोसापेंटाएनोइक ही आम्ले वेगळी केली. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या पू उत्पन्न करणाऱ्या जीवाणूवर ती परिणामकारक ठरली. असंपृक्त मेदाम्ले जीवाणूच्या पेशीपटलात शिरून त्याची घडण ढिली करतात. पटलावर चालणारी ऊर्जानिर्मिती त्यामुळे खंडित होते व आतील द्रव्ये बाहेर गळतात. ग्रॅम-ऋण जीवाणूंभोवती आणखी एक बाह्य पटल असल्याने ही आम्ले आत सहज पोचत नाहीत. म्हणून साधारणपणे ग्रॅम-धन जीवाणू त्यांस अधिक बळी पडतात. आंत्रज्वर, हगवण व पटकी यांचे जीवाणू मात्र ग्रॅम-ऋण आहेत, ही गोष्ट या ठिकाणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मारक द्रव्याचा आणखी एक प्रकार अंटार्क्टिक समुद्रातून ज्ञात झाला. तेथील पेंग्विन पक्ष्यांच्या आतड्यांत जीवाणू अत्यल्प का आढळतात, याचा शोध जॉन सीबर्थ यांनी १९५९ ते १९६१ या काळात घेतला. पेंग्विन क्रिल नावाचे कोळंबीसारखे प्राणी खातात आणि क्रिल फिओसिस्टिस या शैवलावर जगतात. या शैवलातील ॲक्रिलिक आम्ल हे त्या जीवाणुरोधाचे मूळ असल्याचे त्यांनी दाखविले. शैवलातील द्रव्य अन्नसाखळीतून दोन पायऱ्या वर जाऊनही आपला प्रभाव गाजवू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पोषक द्रव्ये

वरील उदाहरणांवरून शैवले ही जीवाणूंची शत्रू आहेत असा समज होण्याचा संभव आहे. तो एकांगी ठरेल. ग्लायकोलिक आम्ल, शर्करा व ॲमिनो आम्ले ही बहुसंख्य जलवासी जीवाणूंना अन्न म्हणून उपयोगी पडतात. शैवलांची वाढ जोमाने होत असता त्यांच्या आसपास जीवाणूंची संख्याही वाढते, ती या अन्नामुळेच. हा व्यवहार दुतर्फी असतो. एम. टी. क्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शैवलांच्या ३२६ जातींची माहिती तपासली असता त्यांपैकी १७१ जातींना ब-१२ जीवनसत्त्व बाहेरून मिळावे लागते असे आढळले. जीवाणू हा त्याच्या पुरवठ्याचा स्रोत असून शैवलाने सोडलेले कार्बनी अन्न हा त्याचा मोबदला होय.

हे सख्य शाश्वत नसते, हे २०११ मधील एका संशोधनावरून कळून आले. एमिलियानिया हक्सलेयी या सागरी शैवलाबरोबर राहणारा रोझिओबॅक्टर गटातील एक जीवाणू शैवल निरोगी असेतो त्याच्या वाढीस साहाय्यभूत होतो. शैवल वृद्ध होऊन त्यापासून पॅरा-कूमॅरिक आम्ल बाहेर पडू लागले, की तोच जीवाणू शैवलनाशक विषे निर्माण करतो. अर्थात शैवलाने सोडलेले द्रव्य हे येथे अन्नही नव्हे आणि विषही नव्हे. ते एक सूचना म्हणून कार्य करते. अमुक शैवल जीवाणूंना मारक आहे असे विधान शैवलाचे वय, प्रकाशाची स्थिती व जीवाणूची जात सांगितल्याविना अपुरेच राहते.

तळ्यातील जीवाणुनाश : नागपूरचे संशोधन

सांडपाणी उथळ तळ्यांत काही दिवस साठवून शुद्ध करण्याची पद्धत उष्ण प्रदेशांत स्वस्त व सोयीची आहे. जीवाणू सेंद्रिय मळाचे विघटन करून कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, शैवले तो वापरून ऑक्सिजन देतात आणि त्या ऑक्सिजनावर जीवाणूंचे कार्य पुढे चालते. या परस्परसाहाय्याची शास्त्रीय मांडणी विल्यम ऑस्वल्ड व हॅरल्ड गोटास यांनी १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात केली. भारतात या विषयाच्या अभ्यासास नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने चालना दिली. १९७४ पासून ही संस्था राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

अशा तळ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात विष्ठाजन्य जीवाणू फार कमी उरतात. हे श्रेय क्लोरेलिनासारख्या प्रतिजैविकाकडे जाते की अन्य कशाकडे, हा वादाचा मुद्दा होता. नागपूरच्या पऱ्हाड व राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून त्यास महत्त्वाचे उत्तर मिळाले. सांडपाण्याचा सामू, म्हणजे पीएच मूल्य, ९.२ च्या वर गेल्यास एश्चेरिकिया कोलाय हा आतड्यातील जीवाणू त्यात टिकू शकत नाही, असे त्यांना दिसून आले. शैवलांच्या सहवासात सामू वाढतो आणि त्या वाढीबरोबर या जीवाणूची संख्या घटते. याचे कारण असे की, शैवले दिवसा पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड व बायकार्बोनेट इतक्या वेगाने शोषून घेतात की पाण्यातील हायड्रॉक्सिल आयनांचे प्रमाण वाढते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइड परत येतो व सामू उतरतो. म्हणून तळ्याची जीवाणुनाशक शक्ती दुपारी एक व पहाटे दुसरीच असते.

टी. पी. कर्टिस, डंकन मारा व एस. ए. सिल्वा यांनी १९९२ मध्ये या उत्तरात मोलाची भर घातली. तळ्यातील ह्यूमिक द्रव्ये प्रकाश शोषून घेतात. विरघळलेल्या ऑक्सिजनाच्या उपस्थितीत त्यांपासून ऑक्सिजनाची तीव्र क्रियाशील रूपे निर्माण होतात व ती जीवाणूंच्या पटलास इजा करतात. सामू उच्च असल्यास ही इजा अधिक होते. शैवलांनी सोडलेल्या द्रव्यांत सर्वांत विपुल असे द्रव्य ऑक्सिजन हेच होय, याचा या विषयाची चर्चा करताना पुष्कळदा विसर पडतो. स्पोअर यांच्या मेदाम्लांना ज्याप्रमाणे प्रकाश व ऑक्सिजन यांची जोड लागत होती, त्याचप्रमाणे येथेही ती लागते. तेव्हा शैवलांचा जीवाणुनाशक परिणाम म्हणून जे दिसते, त्याचा फार मोठा भाग ऊन, सामू व ऑक्सिजन यांच्या संयुक्त क्रियेचा असतो आणि विशिष्ट प्रतिजैविकाचा त्यातील वाटा दुय्यम ठरतो.

पटकीचा जीवाणू : एक अपवाद

नागपूरचा निष्कर्ष एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूपुरता आहे. तो जसाच्या तसा पटकीच्या जीवाणूस लागू करणे धोक्याचे ठरेल. व्हिब्रिओ कॉलरी हा अल्कधर्मी पाण्यात सुखाने वाढणारा जीवाणू आहे. रुग्णालयीन प्रयोगशाळेत विष्ठेच्या नमुन्यातून तो वेगळा काढण्यासाठी सुमारे ८.५ सामू असलेले अल्कधर्मी पेप्टोन जल वापरतात, ते याच गुणामुळे. इतर आंत्रजीवाणू ज्या माध्यमात मागे पडतात, त्यात व्हिब्रिओ आघाडी घेतो. शैवलांनी पाण्याचा सामू थोडाफार वाढविला, तर इतर जीवाणूंची गैरसोय आणि पटकीच्या जीवाणूची सोय अशी विपरीत स्थिती उद्भवू शकते.

शैवलांनी सोडलेला चिकट श्लेष्मल थरही या जीवाणूच्या उपयोगी पडतो. बांगलादेशातील एम. एस. इस्लाम व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ॲनाबीना व्हॅरिॲबिलिस या नीलहरित शैवलाच्या श्लेष्मल आवरणात पटकीचा जीवाणू सुमारे पंधरा महिने जिवंत राहिला. या अवस्थेत तो नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही. त्यामुळे साधी संवर्धन-चाचणी तो नाही असे सांगते आणि तो मात्र असतो. जे आवरण शैवल आपल्या संरक्षणासाठी तयार करते, तेच रोगजंतूला आश्रय देते. पटकीच्या साथी शमल्यावर हा जीवाणू मधल्या काळात कोठे दडून राहतो, या जुन्या कोड्याच्या उत्तराचा एक धागा येथे हाती लागतो.

सांडपाण्याच्या तळ्यांत पटकीचा जीवाणू नष्टच होत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ईशान्य ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात, मालिकेतील पहिल्या ऑक्सिजनविरहित तळ्यातील सल्फाइड या जीवाणूस विशेष घातक असल्याचे दिसले. त्या तळ्यात शैवलांचे कार्य जवळजवळ नसते. एका जीवाणूस हिरवे तळे मारते, तर दुसऱ्यास त्याआधीचे काळे तळे. म्हणून तळ्यांची संपूर्ण मालिका हीच शुद्धीकरणाची खरी हमी होय.

याच माहितीचा घरगुती उपयोग रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात करून पाहिला. पटकीचे जीवाणू प्लवकांना चिकटून राहत असतील, तर प्लवके गाळल्याने रोग घटला पाहिजे, हे त्यांचे गृहीत होते. ६५ खेड्यांत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जुन्या साडीचे अनेक पदर करून त्यातून गाळलेले पाणी वापरणाऱ्यांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. हंड्याच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळून घेण्याची महाराष्ट्रातील घरोघरीची चाल या दृष्टीने निरर्थक नव्हती. मात्र सुटे जीवाणू कापडातून आरपार जातात. म्हणून गाळणे हे उकळण्याची किंवा क्लोरीन घालण्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रयोगाची शिस्त

या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगाची आखणी करताना काही तुलनात्मक चाचण्या अवश्य ठेवाव्यात. शैवलसंवर्धाचा गाळलेला द्रव जीवाणूंवर टाकला आणि त्यांची वाढ खुंटली, एवढ्यावरून मारक द्रव्य सिद्ध होत नाही. प्रथम, तेवढ्याच सामूचे ताजे माध्यम घेऊन त्यातही वाढ खुंटते काय हे पाहावे. दुसरे, शैवलाने माध्यमातील नायट्रेट व फॉस्फेट संपविले असल्यास जीवाणू केवळ उपासमारीने मागे पडतील. म्हणून गाळलेल्या द्रवात ती पोषक द्रव्ये पुन्हा घालून चाचणी करावी. तिसरे, प्रत्येक प्रयोग उजेडात व अंधारात असा दुहेरी करावा. त्याविना मेदाम्लांच्या प्रकाशजन्य ऑक्सिडीकरणाचा वाटा कळणार नाही.

चौथी गोष्ट संवर्धाच्या शुद्धतेची. निसर्गातून आणलेल्या शैवलाबरोबर त्याच्या श्लेष्मात राहणारे जीवाणू येतातच आणि वाढरोधक द्रव्य त्यांचेही असू शकते. जीवाणुरहित संवर्ध हाती नसता काढलेला निष्कर्ष संशयास्पद ठरतो. पाचवी गोष्ट जीवाणुभक्षी विषाणूंची. अर्नेस्ट हॅनकिन यांनी १८९६ मध्ये गंगा व यमुना या नद्यांचे पाणी पटकीच्या जीवाणूंना मारते आणि उकळल्यावर त्याची ही शक्ती नष्ट होते, असे नोंदविले. त्या वेळी त्यांचा तर्क एखाद्या बाष्पनशील रासायनिक द्रव्याकडे वळला. १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी जीवाणुभक्षींची संकल्पना मांडल्यावर त्या निरीक्षणाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. सूक्ष्म गाळणीतून पार होणारे सारेच काही रसायन नसते. तळ्याच्या पाण्यावर काम करणाऱ्याने गाळलेला द्रव तापवून व न तापविता, अशा दोन्ही प्रकारे तपासून ही शक्यता विचारात घ्यावी.

सारांश, सूक्ष्म शैवलांनी सोडलेली द्रव्ये जीवाणूंना मारतात, पोसतात, इशारा देतात आणि आश्रयही देतात. यांपैकी कोणते कार्य प्रबळ ठरेल, हे शैवलाची जात व वय, जीवाणूची घडण, पाण्याचा सामू आणि उपलब्ध प्रकाश यांवर अवलंबून असते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. पाण्याचा हिरवा रंग हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे. त्याचप्रमाणे एश्चेरिकिया कोलाय नाहीसा झाला म्हणजे पटकीचा जीवाणूही नाहीसा झाला, असे मानता येत नाही. त्याचा शोध स्वतंत्रपणे, आणि पाण्याइतकाच शैवलांच्या आवरणातही, घ्यावयास हवा.